पेपरात आलेला साहेब

आसेगावच्या फाट्यावर चतुराबाईचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. चार पत्रे, दोन बाकडी आणि मागे राहायची एक खोली. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते चालवते. नऊ वर्षांपूर्वी तिचा भाऊ धरमसिंग आंध्रात मजुरीला गेला होता. येताना त्याला रस्त्यावर एक कासव सापडलं, ते त्यानं पिशवीत घालून आणलं. तेव्हा वाटीएवढं होतं, आता ताटलीएवढं झालंय. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. रोज दहाच्या सुमाराला ते खोलीतून निघायचं, बाकड्याखालून वाट काढत समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसायचं आणि पाचला परत यायचं. म्हणून फाट्यावरचे लोक त्याला साहेब म्हणायला लागले.

त्या सोमवारी साहेब हरवला. कडुलिंबाखाली मेथीचं एक क्रेट ठेवलेलं होतं, त्यात तो शिरला. वीरेंद्र जीपवाल्यानं क्रेट तसंच उचलून गाडीत टाकलं. मंगरूळपीरच्या बाजारात जुड्या काढताना भाजीवालीच्या हाताला साहेबाची पाठ लागली आणि ती किंचाळत मागं सरली. संध्याकाळी वीरेंद्रनं साहेबाला पुढच्या सीटवर बसवून परत आणलं. हे सगळं पेपराला बातम्या देणाऱ्या नवीन नावाच्या मुलाला कळलं. त्यानं चतुराबाईच्या हातात कासव देऊन फोटो काढला. मंगळवारी छापून आलं, ‘आसेगावचे साहेब मंगरूळपीर दौऱ्यावर’. दिवसभर येणारा-जाणारा हसत होता. चतुराबाईनंही तो कागद साखरेच्या डब्याखाली जपून ठेवला.

दुपारी एका मोटारसायकलवरून दोन माणसं आली. ओळखीची नव्हती. चहा घेतला, मग त्यातला टोपीवाला म्हणाला, “बाई, ते पेपरातलं कासव कुठं हाय?”

“वावरात सोडलं,” चतुराबाई म्हणाली. का तसं म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही. कालच्या प्रकारामुळं तिनं साहेबाला आज आत खोलीतच ठेवलं होतं.

“त्याले नखं किती हायत? मोजली काय कदी?”

“कासवाची नखं कायले मोजू मी?”

“वीस असतीन तर आमी तुमचं घर भरून देऊ. पूजा करायची हाय. गुरुवारी येतो, आनून ठेवा.” त्यानं हॉटेलकडे, मग मागच्या खोलीच्या दाराकडे नीट पाहिलं. “एकट्याच राह्यता ना तुमी?”

गाडी गेल्यावर चतुराबाईचे हात कामाला लागेनात. भजी तेलात काळी पडली. तिनं शेजारच्या कटलरीच्या दुकानातल्या उज्ज्वलाला हाक मारली. उज्ज्वला त्या दुकानवाल्यांची सून, वनरक्षकाच्या भरतीचा अभ्यास करत होती. तिनं सगळं ऐकलं, पण तिचं लक्ष भलतीकडेच गेलं.

“मावशी, मी हे तुमाले बातमी आली तवाच सांगनार होती. हे कासव पाळता येत नाई. गुन्हा हाय. वाघाचा असतो तसा.”

“गुन्हा म्हंजे?”

“म्हंजे केस. सात वर्षापर्यंत सजा हाय.”

“नऊ वर्षं झाली, कोनी काई बोललं नाई.”

“पेपरात फोटो नव्हता आला ना तवा.”

चतुराबाई बाकड्यावर बसली. तिला आधी धरमसिंग आठवला. त्यानं आणलं म्हणजे त्यालाही धरतील. त्याच्या पोरीचं लग्न ठरायचं होतं. मग वाटलं, वावरात खरंच सोडून द्यावं. पण ते दोघं वावरात शोधणार नाहीत कशावरून? आणि साहेब तर पाच वाजता चालत घरीच येईल.

“त्याची पूजा म्हंजे काय करतेत वं ते?” तिनं विचारलं.

“पैशाचा पाऊस पाडतो म्हनतेत,” उज्ज्वला म्हणाली. “त्या पूजेतून कासव जितं परत येत नाई.”

“वाशीमले वन हापिसात नेऊन द्या,” उज्ज्वला म्हणाली. “धरून नेन्यापरीस आपून गेलेलं बरं. मी येतो संगं.”

बुधवारी सकाळी दोघी एसटीत बसल्या. साहेब वायरच्या पिशवीत, वर पालकाच्या दोन जुड्या आणि टॉवेल. पिशवी चतुराबाईनं मांडीवर घट्ट धरली होती. पुढच्या थांब्यावर एक पोलीस शिपाई चढला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. समोरच्या बाकावर कुणीतरी मोबाईलवर तीच बातमी वाचून दाखवत होतं. लोक हसत होते. शिपाईही हसला.

“साहेबानं प्रवासभत्ता घेतला की नाई मग?” तो म्हणाला.

तेवढ्यात पिशवीत खरवडल्याचा आवाज झाला. चतुराबाईनं टॉवेलावर दोन्ही हात दाबले. मग दाबलं म्हणून तिलाच वाईट वाटलं आणि तिनं हात सैल केले. टॉवेल हळूहळू वर उचलला गेला.

“कोंबडी हाय काय?” शिपायानं विचारलं.

“हो,” उज्ज्वला म्हणाली. “पाहुनचाराची.”

शिपायानं पिशवीकडे पाहिलं, कोंबडीचा आवाज काही आला नाही. पण पुढच्या गावी शिपाई उतरला, जाताना त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

वन कार्यालयात साधना मॅडम म्हणून अधिकारी होत्या. वय तिशीच्या आत. त्यांनी पिशवीतून कासव काढून टेबलावर ठेवलं, उलटंसुलटं करून पाहिलं, वजन केलं. मग कागद पुढं ओढला.

“कुणी आणलं हे?”

चतुराबाईच्या तोंडाशी भावाचं नाव आलं. तिनं ते गिळलं. “रस्त्यावर सापडलेलं हाय, मॅडम. वाढवलं मी. जे काय असन ते माह्या नावावर लिवा.”

मॅडमनी तसंच लिहून घेतलं. “आणि आज का आणलं?”

मग चतुराबाईनं त्या दोघांचं सांगितलं. टोपी, नखं, गुरुवार, सगळं. मॅडमचा चेहरा बदलला. त्यांनी साहेबाचे पाय एकेक करून पाहिले. “अठरा आहेत,” त्या म्हणाल्या. “पण हे लोक मोजून निघून जात नाहीत, मावशी. गाडीचा नंबर आहे?”

नव्हता. मॅडमनी स्वतःचा फोन नंबर दिला. कासव स्वतःहून जमा केलं असा जबाब लिहिला आणि सही झाल्यावर त्याची नक्कल दिली. पुढं काय होईल, असं चतुराबाईनं विचारलं. वरिष्ठांना कळवावं लागेल, मॅडम म्हणाल्या. जबाबात तुमच्या बाजूचं सगळं लिहिलंय. साहेबाला नागपूरच्या वन्यप्राणी केंद्रात पाठवणार होते. चतुराबाईनं पालकाच्या जुड्या टेबलावर ठेवल्या आणि साहेबाच्या पाठीला हात न लावताच ती बाहेर पडली. हात लावला असता तर तिथंच रडू आलं असतं.

गुरुवारी अकरा वाजता मोटारसायकल आली. चतुराबाईनं ती लांबूनच ओळखली. उज्ज्वला दुकानाच्या दारात बांगड्या पुसत उभी होती.

“आनलं काय?” टोपीवाल्यानं विचारलं.

चतुराबाईनं नक्कल त्याच्यापुढं धरली. “वन खात्याले देलं. तिथं जाऊन मांगा. तुमी येनार हे बी त्याइले मालूम हाय.”

त्यानं कागद हातात घेऊन पुरता वाचला. शिक्क्यावर बोट फिरवलं. दुसरा गाडीवरच बसला होता, त्यानं चालू गाडी एकदा रेझ केली. टोपीवाला कागद परत न देता उभा राहिला. तो फाडणार असं चतुराबाईला वाटलं. मग त्यानं तो बाकड्यावर टाकला आणि गाडीवर बसला.

गाडी वळणाआड गेल्यावर उज्ज्वला आली. तिच्या तळहातावर पेनानं गाडीचा नंबर लिहिलेला होता. ती मॅडमला फोन लावत होती. चतुराबाई बाकड्यावर बसली. उज्ज्वलानं एका हातानं फोन कानाशी धरून दुसऱ्या हातानं तिला पाण्याचा ग्लास दिला.