पाटीवरचा मुलगा

डोंगरातल्या त्या गावात घराला रंग लावायचा म्हटलं तरी समितीची परवानगी लागायची. गाव जुनं दिसलं पाहिजे, एवढीच समितीची अट. आतली माणसं कशीही असोत. उन्हाळ्यात पाहुणे यायचे, दिवसा जुन्या दुकानांचे फोटो काढायचे आणि संध्याकाळी लाकडी नाट्यगृहात नाटक बघायचे.

नाटकाचे कपडे शिवणाऱ्या मास्तरांच्या दुकानावर त्यांच्या वडिलांनी लावलेली पाटी होती: 'शिंपी आणि मुलगा'. तेव्हाचा मुलगा म्हणजे मास्तर. पुढे ते शिंपी झाले आणि पाटीवरची त्यांची जागा त्यांच्या मुलाने घेतली. गेल्या हिवाळ्यात घाटात गाडी घसरली आणि तो गेला. मास्तर रडले नाहीत. मशीन चालवत राहिले, ताट पुढ्यात आलं की जेवले. पाहुणे मात्र कौतुकाने विचारायचे, मुलगा कुठाय? बाहेर गेलाय, असं सांगून मास्तर सुई ओवायचे.

शेवटी त्यांनी पाटीवरचे दोन शब्द पुसायची परवानगी मागितली. पाटी ही गावाची शोभा आहे, तिला हात लावता येणार नाही, असं उत्तर आलं. शोभेचं काय जातं, तिच्या घरातलं कोणी मेलेलं नसतं.

नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या ताईंच्या कानावर हे गेलं. यंदाच्या नाटकात गावचीच गल्ली दाखवायची होती, आणि पडद्यावर समितीचं काही चालत नव्हतं.

पहिल्या प्रयोगाला मास्तर नेहमीसारखे मागच्या रांगेत बसले, कुठे शिवण उसवतेय का बघायला. पडदा उघडला. समोर त्यांचं दुकान, तीच खिडकी, तोच वाकडा दरवाजा. वर नुसतं 'शिंपी'. हवं ते मिळालं होतं आणि ते बघवत नव्हतं. पुढे नाटकात काय झालं, त्यांना काही कळलं नाही.

प्रयोग संपल्यावर ताई जवळ आल्या. बरं वाटलं ना मास्तर, असं त्यांनी हळूच विचारलं.

"ताई, ते दोन शब्द परत लिहा," मास्तर म्हणाले. "लोकांना सांगत होतो, बाहेर गेलाय. आजपर्यंत मलाही ते खरंच वाटत होतं."

ताईंनी रंगाचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी एका पाहुणीने दुकानाचा फोटो काढला आणि आत डोकावून विचारलं, मुलगा कुठाय?

"वारला," मास्तर म्हणाले. मग कितीतरी वेळ त्यांना सुईत दोरा ओवता आला नाही.