पिवळी राहिलेली पट्टी

माझा मामेभाऊ शांतलिंग याने लिहिलेल्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग मुरुमच्या बाजारातल्या सरकीच्या शेडमध्ये लागला, तेव्हा मी हैदराबादेहून कॉलेजच्या सुटीला आले होते. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून खेळ भर दुपारी होता. ठाण्याच्या आमीनसाहेबांनी परवानगी देताना एकच अट घातली होती : खुनी शेवटी सापडला पाहिजे.

दुसरी अट त्याच्या वडिलांची, हणमंतप्पामामांची. ती सगळ्या बाजाराला ठाऊक होती.

"खेळ शेवटाला गेला तर म्या पुन्हा तोंड उघडणार न्हाय," ते शांतलिंगला म्हणाले होते. "मधीच बसला, तर उद्या सकाळी अडतीवर गादी टाकून बसायचं. पुन्हा पेटीचं नाव काढायचं न्हाय."

शांतलिंगने मान डोलावली होती. गेले काही महिने तो मामांच्याच गोदामात तालमी घेत होता. मामा बाहेर गादीवर डोळे मिटून पडलेले असत; सुटीत आल्यावर मीही ते पाहिलं होतं.

मी बायकांच्या बाजूला गिरिजामामींशेजारी बसले. पडदा वर गेला तेव्हा जहागीरदार मरून पडलेले होते. ते पान खाऊन मेले होते आणि विष चुन्यात होतं. संशयित चार : पत्नी, मेहुणा, मुनीम आणि वैद्य. कुणी खोटं बोललं की प्रेत उठून बसे, एक पद म्हणे आणि पुन्हा आडवं होई. मेलेल्या माणसाने गाणं मला पटणारं नव्हतं, पण सूर पक्का होता, आणि तिसऱ्या पदाला मी ते कधी उठतं याची वाट पाहू लागले. पत्नीचं काम बब्रुवान करत होता. नऊवारीत तो इतका ठसक्यात चालला की मामी म्हणाल्या, "शिवकांता, बघ गं. आपल्याला कुठं असं जमतंय?"

पहिला अंक संपला. मामा उठले आणि विड्यांचं तबक घेऊन स्वतः पडद्यामागे गेले.

मामींचे डोळे भरून आले. "पोराला पहिल्यांदा विडा दिला बघ त्यांनी."

थोड्या वेळाने मामा परत आले, उपरण्याला ओले हात पुसत. ओठ नेहमीसारखे लाल होते.

दुसऱ्या अंकात शांतलिंग तपासनीस होऊन आला. हातात हळदीत रंगवलेल्या फडक्याच्या ओल्या पट्ट्या होत्या. त्याने गाऊन सांगितलं की या घरात पान खाणारे एकटे जहागीरदारच. तेव्हा ज्याच्या बोटाला चुना, त्यानेच तो विडा लावला. हळदीला चुना लागला की ती लाल होते. मला युक्ती फार आवडली. आणि लगेच पडद्यामागे गेलेलं तबक आठवलं. मी मामींचा हात धरला.

"काय झालं गं?"

"मामी, त्या सगळ्यांनी पान खाल्लंय. बोटांना चुना लागला असणार."

मुनीम खुनी ठरायचा होता. त्याची पट्टी लाल झाली, टाळ्या पडल्या. मग वैद्याची लाल झाली. मेहुण्याची झाली. प्रेतानेही हौसेने हात पुढे केला, तीही लाल. शांतलिंगने स्वतःचं बोट टेकवून पाहिलं. लालभडक.

"समदेच खुनी रं!" मागून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या.

आमीनसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे, सबको बांधो!"

शांतलिंग एकेक लाल पट्टी उलटून पाहू लागला. पेटीवाल्याने एकच सूर धरून ठेवला होता. पहिल्या रांगेत मामा अगदी ताठ बसले होते. दोन माणसं चपला शोधू लागली.

प्रयोगशाळेत सगळ्या नळ्या एकाच रंगाच्या झाल्या की मी न बदललेली नळी शोधते. इथे एक बोट अजून तपासायचं राहिलं होतं. शांतलिंगलाही ते त्याच वेळी दिसलं असावं. त्याने पट्टी बब्रुवानपुढे धरली. ती पिवळीच राहिली. गळ्याला सोसत नाही म्हणून बब्रुवान पान खात नसे.

शांतलिंग इतरांकडे वळला. "मालक हितं जमिनीवर, आन तुमी आत बसून विडे खाताय? लाजा न्हाईत?"

शेड हसून कोसळायची बाकी राहिली. चपला शोधणारे खाली बसले.

"पर तुमी खुनी न्हाय," तो म्हणाला. "चुना बोलणार हे तुमाला ठाऊक नव्हतं, म्हणून हात धुवायचं सुचलं न्हाय. ज्याला ठाऊक होतं त्यानंच हात धुतले. बाईसाहेब, तुमचं बोट लई सोच्छ हाय!"

"म्या?" बब्रुवान पुरुषी आवाजात किंचाळला. "आरं, म्या न्हाय! मुनीम हाय की!"

प्रेत ताडकन उठून बसलं आणि गाऊ लागलं. म्हणजे बाई खोटं बोलतेय, हे पोरांनाही कळलं. बब्रुवानने पदर तोंडाला लावला, सूर धरला आणि न बसवलेला कबुलीजबाब जमेल तसा गायला. आमीनसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. खुनी सापडला होता आणि खेळ शेवटाला गेला होता.

मग माणसं पट्ट्यांभोवती जमली. ज्याचं त्याचं बोट लाल होत होतं आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला खुनी म्हणत होता. शांतलिंग खाली उतरून मामांच्या पाया पडला. त्याच्या हातात अजून एक पट्टी होती.

"आवं, तुमी बी लावा की बोट," मामी म्हणाल्या.

"मला कशाला?"

"लावा म्हंते ना."

मामांनी बोट टेकवलं. पट्टी पिवळीच राहिली.

मी त्यांच्या लाल ओठांकडे पाहिलं, मग बोटाकडे. दिवसभर विडे लावणारं ते बोट. तालमीच्या वेळचे ते मिटलेले डोळे मला आठवले; कान उघडेच होते. शांतलिंगनेही आधी पट्टी पाहिली, मग वडिलांचं तोंड.

"मामा," मी विचारलं, "पडद्यामागून येताना तुम्ही हात का धुतलेत?"

"हात धुणं गुन्हा हाय व्हय?"

"आत्ताच तर ठरलं, अप्पा," शांतलिंग हळूच म्हणाला. "म्या तो विडा आशीर्वाद समजून खाल्ला."

मामींनी कपाळावर हात मारला. "साकू, बास झालं! आपल्या लेकराच्या खेळावर चुना घालायला गेलात?"

मामांनी उपरण्यात तोंड लपवलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आधी मला ते रडताहेत असं वाटलं, पण ते हसत होते.

"प्रेत बी लाल निघालं," ते कसेबसे म्हणाले. "ते म्या हिशेबात धरलंच नव्हतं." त्यांनी डोळे पुसले. "पुढला खेळ कुठं?"

"उमरग्याला. झाला तर."

"होतोय की. तिथला आमीन परवानगीला लई ताटकळवतो. सकाळीच नीघ."

"आन अडतीवर कोण बसणार?" मामींनी विचारलं.

"म्या हाय न्हवं अजून," मामा म्हणाले, आणि सवयीने चंचीत हात घालून शांतलिंगसाठी विडा लावू लागले. चुना त्यांनी या वेळी अगदी नखभर घेतला.