मधोमधून हाकललेले हिरवे बटण

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. शर्टाचे नव्हे, खांदा कॉलनीतल्या एका खासगी रुग्णालयाच्या वेबसाइटवरचे. माझ्यावर लिहिले आहे, 'गरिबांसाठी मोफत खाट'.

मला घडवले प्रांजलने. ती घरी बसून वेबसाइट बनवते. तिने मला हिरवा रंग दिला आणि पानाच्या अगदी मधोमध बसवले. मोबाइल उभा धरा, आडवा धरा, मी जागचे हलत नसे. "बघ, कसं छान बसलंय!" असे ती नवऱ्याला म्हणाली, तेव्हा मला केवढी ऐट आली! रोज कोणाचे तरी बोट माझ्यावर पडे आणि कोणाला तरी खाट मिळे.

हेच व्यवस्थापक परेश साहेबांच्या डोळ्यांत खुपले. "बटण काढता येणार नाही, नियम आहे. पण ते दिसायलाच हवं, असं कुठं लिहिलंय?" ते म्हणाले. प्रांजल जरा घुटमळली. मग तिने मला पानाच्या डाव्या कडेच्या पार बाहेर नेऊन टाकले. तिथे कोणाचेच बोट पोचत नाही. सरकारी तपासणीत संगणकाने पानात माझे नाव शोधले, ते सापडले, काम झाले. माझ्या जागी साहेबांचा हसरा फोटो आला, तोही मधोमध.

एका दुपारी सोमी आली. तिचा नवरा चांगो उलव्याच्या बांधकामावरून पडला होता आणि रिक्षात कण्हत होता. "मोफत खाटेचा अर्ज वेबसाइटवरूनच करायचा," काउंटरवरची किशोरी मान वर न करता म्हणाली. सोमीला वाचता येत नव्हते. रिक्षावाला अंकुश मोबाइलवर शोधू लागला. त्याचा अंगठा वर गेला, खाली गेला, फोटोवर थांबला. मी कडेबाहेर तडफडत होते. पण बटणाला आवाज कुठला!

"वयनी, इथं कायच नाय हाय."

"नीट बग ना, दादा. मोठं हिरवं बटण हाय. आमच्या वाडीवरच्या वेणूनं दाबलं व्हतं."

"आता नाय हाय गो. चल, सरकारी दवाखान्यात नेऊ."

चांगो वाटेतच गेला. प्रांजलला हे कधी कळले नाही. तिच्या कामावर खूश होऊन साहेबांनी तिला आणखी एका रुग्णालयाची वेबसाइट मिळवून दिली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशी पाने रचेल. मला मधोमध बसवायला कोडच्या दोन ओळी लागल्या होत्या, हाकलायलाही तेवढ्याच. ज्याला आमची गरज आहे, त्याच्या अंगठ्याखाली आम्हाला ठेवा. मी बिघडलेले नाही. आजही कोणी दाबले, तर अर्ज लगेच उघडेल.