ताऱ्याखालची अट

मित्रांनो, मी एक जुनी अट आहे. जुन्या मोटारी विकणाऱ्या एका संकेतस्थळावर, गाडीच्या देखण्या फोटोखाली, एका बारीक ताऱ्याच्या खुणेच्या आडोशाला मी राहत असे.

कंपनीचे वकील अंकितभाऊ यांनी मला घडवले. 'परराज्य-नोंदणीकृत वाहनाच्या हस्तांतरणाची सर्व दायित्वे क्रेत्यावर निहित राहतील.' असे माझे भारदस्त रूप होते. कचेरीत माझे कौतुक झाले. लोक मात्र मला न वाचताच 'मान्य आहे' दाबून पुढे जात. ज्यांच्यासाठी जन्मले, त्यांच्याच अंगठ्याखालून सरकत राहिले.

लोणखेड्याची दीपमाला घरी बसून या कंपनीचा मराठी मजकूर लिहायची. तिचे वडील दोधूआबा कीर्तनात मृदंग वाजवतात. सप्ताहांना जाताना मृदंग बसमध्ये मांडीवर घेऊन बसावे लागे, म्हणून त्यांनी गाडी घ्यायचे ठरवले. आमच्याच पानावर त्यांना सुरतेची एक गाडी आवडली. सीमेवरच्या नवापूरपर्यंत मालक ती आणून देणार होता. साठवलेले सगळे त्या गाडीत जाणार होते.

दीपमालाने मला मोठ्याने वाचून दाखवले. आबांनी डोळे मिटून मान डोलावली आणि बोट 'मान्य आहे'कडे नेले.

तेवढ्यात दीपमालाची आई निर्मलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "महाराज संस्कृत श्लोक म्हणतस, तव्हय बी तुम्ही आशीच मान डोलावतस. आते सांगा, काय समजनं?"

आबा ओशाळून हसले. "काहीच नही. पन भारी लिखेल शे."

दीपमालाचा चेहरा उतरला. "आबा, थांबा. दाबू नका."

मग तिने माझे निरूपण केले. कीर्तनात महाराज अवघड ओवी घेतात आणि दारापाशी बसलेल्या म्हातारीला उमजेपर्यंत उलगडून सांगतात, अगदी तसे. 'गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल, तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला मिळवणे आणि इथला रस्ता कर भरणे ही जबाबदारी तुमची. कंपनी ती घेत नाही. दाखला मिळेल का, हे मालकाला विचारून मगच गाडी घ्या.'

मित्रांनो, मला कितीतरी हलके वाटले! अर्थ तोच, ओझे तेवढे उतरले.

आबांनी लगेच सुरतेला फोन लावला. मालक आधी गोड बोलला, मग अडखळला. गाडीवर बँकेचे कर्ज होते, दाखला इतक्यात मिळणार नव्हता. गाडी घेतली असती तर आबांच्या नावावर झालीच नसती. त्यांनी फोन ठेवला आणि देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले.

दीपमालाने माझे नवे रूप अंकितभाऊंना पाठवले. त्यांनी ते दोनदा वाचले. "कंपनी ती घेत नाही, हे सगळ्यात वर घे," ते म्हणाले, "आणि तो तारा काढून टाक." तेव्हापासून मी किमतीच्या शेजारी, ठसठशीत अक्षरांत राहते.

पुढे आबांनी जवळच्या शहाद्यातलीच एक गाडी घेतली. मी ती पाहिली नाही. मी पडले पडद्यातली. पण परवा दीपमाला माझ्यावर काम करत असताना प्रकाशा या तीर्थगावाच्या वाटेवरून निर्मलाबाईंचा फोन आला, आणि त्यांच्या आवाजामागे मागच्या सीटवरचा मृदंग खड्ड्याखड्ड्याला आपोआप घुमत होता.

मित्रांनो, आम्हा अटींना मान डोलावून निरोप देऊ नका. मान्य म्हणण्याआधी आम्हाला एकदा आपल्या बोलीत घरच्यांना सांगून बघा. सांगता आले, तरच दाबा.