ओवा भरलेली नारिंगी बाटली

मी बोलतेय, स्वयंपाकघराच्या ओट्यावरची नारिंगी बाटली. पोटात ओवा आहे म्हणून हसू नका. पूर्वी माझ्यात पाठदुखीच्या गोळ्या होत्या.

कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडले, फार्मसीत आले आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावी पुरुषोत्तमच्या घरी पोहोचले. गाडीच्या अपघातात त्याची पाठ दुखावली होती. या गोळ्यांची सवय लागत नाही, असं कंपनीने डॉक्टरांना सांगितलं आणि डॉक्टरांनी त्याला. बिचाऱ्याने सांगितल्याप्रमाणेच घेतल्या. वर्षभरात गोळी चुकली की तो घामाने निथळायचा, थरथरायचा.

त्याची बायको सुलेखा कुठलीच डबी फेकत नाही. गरम पाण्यात भिजवून त्याचं आणि गोळ्यांचं नाव छापलेलं लेबल खरवडायचं, आत मोहरी नाहीतर वेलदोडे भरायचे. आम्हा बहिणींची ओट्यावर रांगच लागली. तिथल्या मराठी मंडळात मात्र ती एवढंच सांगायची, "अरे, त्याला बॅक पेन आहे."

पुढे अशा सगळ्या रुग्णांच्या वतीने कंपनीवर एकच खटला उभा राहिला. उपचार घेऊन सावरलेला पुरुषोत्तम नाव द्यायला तयार झाला. अडलं ते सुलेखाच्या साक्षीपाशी. घरातलं सगळं चारचौघांत सांगायचं होतं.

वकिलांच्या ऑफिसात साक्षीला ती आम्हा सगळ्या बाटल्यांची पिशवी घेऊन गेली. पिशवी उघडताच खोलीभर ओव्याचा वास! कंपनीचा वकील हसला. "लेबलं का काढलीत? काही लपवायचं होतं?"

सवय आहे म्हणाली असती तरी खपलं असतं. माझा तर जीव टांगणीला लागला.

"बाकीच्यांची सवयीने काढली," मला उचलून ती म्हणाली. "हिचं लाजेने. घरी पाहुणे येणार होते. नवरा आजारी होता आणि लाज मला वाटत होती. वाटायला हवी होती तुमच्या कंपनीला."

काय बाई आहे! मला तिचा फार अभिमान वाटला.

आज २००७ साल आहे. खटला अजून चाललाय. पुरुषोत्तम गोळ्यांशिवाय हळूहळू फिरायला जातो. परवा मंडळातली शुभा स्वयंपाकात मदतीला आली. ओवा घ्यायला तिने मला उचललं आणि तशीच धरून उभी राहिली.

"सुलेखा, तुमच्या केसचं सगळ्यांना कळलंय गं."

"कळू दे की."

"तसं नाही यार. आमच्या यशच्या रूममध्ये सेम बाटल्या सापडल्या. त्या लॉयरचा नंबर देतेस?"

सुलेखाने गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि तिला बसवलं.

तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिला लपवू नका. आमच्या ओट्यापाशी अजून खुर्च्या आहेत.