सगळ्या बायांच्या वतीनं

ओमेश्वरी पटले जिल्हा परिषदेवर निवडून आली ती महिला राखीव जागेवरून, पण भाषण करायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दवनीवाड्याच्या चौकात तिच्या हातात माइक आला की माणसं चहाचा कप खाली ठेवून ऐकायची. म्हणून गोंदियात आरोग्यमंत्र्यांची सभा ठरली, तेव्हा पक्षाचा जिल्हाध्यक्ष दुर्गाप्रसाद यानं वक्त्यांमध्ये तिचं नाव आधी टाकलं.

खेड्यांतल्या लहान केंद्रांवरची बाळंतपणं बंद करून सगळ्या बायांना गोंदियाच्या मोठ्या इस्पितळात आणायचं, असं सरकारच्या मनात होतं. विरोधी पक्ष सांगत सुटला होता, की जिल्ह्यातल्या तमाम महिला याच्या विरोधात आहेत. मग या बाजूनंही कुणीतरी उभं राहून उलट सांगायला हवं होतं. ओमेश्वरीनं ते सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. तिचं पहिलं बाळंतपण गावच्या केंद्रावर अडलं होतं आणि गोंदियाला पोचेपर्यंत मूल हाती लागलं नव्हतं.

"माझी सासू, माझी जाऊ, धानाच्या बांधीत राबणारी माझी प्रत्येक बहीण आज माझ्या तोंडून बोलून राहिली आहे," ती म्हणाली. टाळ्या बराच वेळ चालल्या.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासू गोमतीबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. हेमेंद्रनं, म्हणजे ओमेश्वरीच्या नवऱ्यानं, आईला मोबाइलवर भाषण दाखवलं होतं.

"मी कवा बोलली व तुह्या तोंडून?" गोमतीबाईनं सुपातून डोळे न काढता विचारलं.

"आई, भाषणात तसं म्हणावं लागते."

"मले इचारलं तू? काऊन नाव घेतलं माहं?"

"बाळंतपण चांगल्या दवाखान्यात व्हावं, हे कोणाले नाही वाटत?"

"बाळंतपण झालं का बाई संपली का? तुमची पार्टी पाहा, का त्यांची पार्टी पाहा, बाळंतपणाच्या पुढं कोणी जाऊनच नाही राहिलं."

ओमेश्वरीला राग आला. म्हातारीला राजकारण काय कळतं, असं म्हणून तिनं विषय सोडला. पण दुसऱ्या दिवशी गोमतीबाईला अंगणातून उठताना तिनं पाहिलं. ओटीपोटाखाली हात दाबून, दात आवळून ती उठली. हे उठणं ओमेश्वरी लग्न झाल्यापासून पाहत आली होती आणि आजवर तिनं ते गुडघ्यांचं दुखणं धरलं होतं. तिनं चूल आटोपली, सासूजवळ जाऊन बसली आणि विचारलं.

गोमतीबाईनं आधी दाराकडे पाहून घेतलं. मग म्हणाली, "अंग बाहेर येते माहं."

"कवापासून?"

"टिकेशच्या वक्तापासून. सव्वा महिना घरात कोण बसू देते? धानाचा रोवणा सुरू होता, उतरली चिखलात." टिकेश तिचा धाकटा मुलगा. आता त्याचीही लेकरं शाळेत जात होती. "कापड बांधून राहते. लघवीचा तरास होते. सवय झाली."

"सांगितलं नाही कोणाले?"

"लाज वाटते. अन् सांगून कोण काय करणार होतं?"

आठवड्याभरात ओमेश्वरी तिला गोंदियाला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं; गर्भपिशवी खाली उतरली होती. अशा बाया इकडे पुष्कळ येतात, म्हणाल्या, फक्त उशिरा येतात. रक्तदाब ताब्यात आला की ऑपरेशन करता येईल. परतताना गाडीत गोमतीबाई एकच बोलली. "हे भाषणात आलं नाही पाहिजे. नाव नाही घेतलं तरी गावाले समजते."

त्याच सुमारास दुर्गाप्रसादचा फोन आला. अर्जुनी मोरगावला, इटियाडोह धरणाच्या पट्ट्यात, मोठी सभा होती. "भाभीजी, वही भाषण दीजिए. मंत्रीजी को बहुत पसंद आया."

ओमेश्वरीच्या डोक्यात भाषण आपोआप जुळत गेलं. दोन्ही पक्षांच्या तोंडून कधी न निघालेली गोष्ट तिच्याकडे होती. कुठल्या वाक्यानंतर थांबायचं, तेसुद्धा तिला ठाऊक होतं. या वेळी तिनं आधी सासूला विचारून पाहिलं.

"नाही म्हटलं ना," गोमतीबाई म्हणाली. "बोलायचंच असल तं तुहं बोल. तुहं लेकरू गेलं, ते सांग."

ते ओमेश्वरीनं कुठल्याही मंचावर कधी सांगितलं नव्हतं. घरातसुद्धा त्या मुलाचा विषय निघाला की ती उठून आत जायची.

अर्जुनीला ती रुग्णवाहिका, खाटा आणि रस्त्यांवर बोलली. कुणाच्या वतीनं बोलतेय, ते म्हणाली नाही. भाषण पडलं. लोक मधेच उठून पाण्याकडे गेले. "आज मजा नहीं आया," दुर्गाप्रसाद म्हणाला, आणि पुढच्या सभेला गोंदियाच्या कुण्या हर्षिताला उभं केलं. ओमेश्वरीला ते लागलं. काही दिवस तिनं त्याचे फोन उचलले नाहीत.

धानाची कापणी आटोपल्यावर गोमतीबाईचं ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवर सालेकशाकडची भागीरथा होती, तिचंही तेच दुखणं. ओमेश्वरी डबा घेऊन आली तेव्हा दोघी एकमेकींकडे तोंड करून, हळू आवाजात काहीतरी सांगत हसत होत्या. तिला पाहताच दोघी थांबल्या.

"डबा ठेव अन् बाहेर बस जराशी," गोमतीबाई म्हणाली.

तिनं डबा स्टुलावर ठेवला आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. आत बोलणं पुन्हा सुरू झालं. शब्द कळत नव्हते.