कांबोवींची बैठक

मी एक जुना दगड आहे. गॉल देशातल्या लुग्दुनुम शहराच्या मोठ्या सभामंडपात, उघड्या आभाळाखाली, पायऱ्यांच्या रांगेत मला बसवले. माझ्या अंगावर एकच शब्द कोरलेला आहे. बोलणे आमचे गॉलचे, पण दगडावर लिहायचे ते राज्यकर्त्यांच्या लॅटिनमध्येच. एकटा माणूस तो कांबोवुस, सगळी जमात ती कांबोवी, आणि त्यांच्या हक्काचे काही असले की ‘कांबोवोरुम’. मित्रांनो, माझ्यावर कोरलेले हे शेवटचे रूप मिळवायला त्या चिमूटभर डोंगरी जमातीच्या पिढ्या खपल्या!

दर उन्हाळ्यात येथे साऱ्या जमातींची सभा भरे. जो तो आपापल्या नावावर बसे. कांबोवींना मात्र शेजारचे बडे लोक आपले मेंढके समजत. त्यामुळे नाव नाही, जागा नाही, मतही नाही. त्यांचा म्हातारा मुखिया मातुगेन जन्मभर सभेत उभाच राहिला. अखेर सभेने माझ्यावर त्यांचे नाव कोरायची परवानगी दिली. पण पहिल्याच दिवशी त्या बड्या शेजाऱ्यांचा पुढारी दानोताल नवा झगा पसरून खुशाल माझ्यावर बसला. सभा संपेपर्यंत तो बसला असता, तर जागा त्याचीच ठरली असती.

“उठा दानोतालराव, ही आमची जागा.”

“अरे, तुला उभं राहायची सवय! बसलास तर गुडघे रुसतील!”

सगळे हसले. मला फार राग आला, पण दगडाने करावे काय?

मातुगेन सभेकडे वळला. “मंडळी, आम्ही कांबोवी...”

“म्हणजे आमचे मेंढके!” दानोताल मध्येच ओरडला.

बोलणाऱ्याला मध्येच तोडणे आमच्याकडे मोठा गुन्हा. तलवार उपसून शिपाई आला. “गप्प बसा. एकदा सांगितलं.”

“आमचे वाडवडील...”

“आमच्याच मेंढ्या राखायचे!”

“दोनदा सांगितलं,” शिपाई म्हणाला.

मातुगेन थांबला नाही. “हो, राखल्या तुमच्या मेंढ्या. एकही लांडग्याला दिली नाही. आता आम्ही आमचं नाव राखणार!”

“बें बें!”

शिपायाने झग्याला हात घातला. तिसऱ्या वेळी निम्मा झगा कापायचा, हा नियम. झगा वाचवायला दानोताल टुणकन उठला, पण तलवारीने कापलेला निम्मा झगा माझ्यावरच राहिला, आणि त्यावर मातुगेन झटकन बसला!

“कांबोवी! कांबोवी!” सारा मंडप दणाणला. म्हाताऱ्याखालचा तो कापलेला तुकडा शिपाई ओढू लागला, तर म्हातारा म्हणाला, “राहू दे रे खाली. दगड तापलाय.”

मित्रांनो, आज ती जमात नाही, ती बोलीही नाही. माझे सोबती दगड लोकांनी घरांच्या भिंतींना नेले. माझ्यावर शेवाळ चढते. ते पुसाल तेव्हा अक्षरांना जपा. एका म्हाताऱ्याने येथे बसून आयुष्यात पहिल्यांदा पाय लांब केले होते.